नमुना आठवर नाव आहे म्हणजे घर आपलं झालं का?

परवा रात्री नऊच्या सुमाराला मामेबहिणीचा फोन आला, आवाजात एवढा आनंद की मला आधी वाटलं पोरगी पास झाली तिची. "ताई, प्लॉट घेऊन रायलो आमी, तालुक्याच्या रोडले, दीड हजार फूट, इसार पन देऊन टाकला." मी म्हटलं बापा, किती दिला? तर म्हणे 50 हजार, नगदी. कागद काय पाहिले विचारलं तर म्हणते "सगळे कागदं हायेत म्हणते तो, एनए हाये, आठ हाये, अन् पाचशेच्या स्टॅम्पवर लिवून देल्लं नं त्यानं." एनएचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायच्या परवानगीचा, आदेश डोळ्यानं पाहिला का, तर गप्प. आठ कोणता, ग्रामपंचायतीचा का पटवाऱ्याचा, तर परत गप्प. तासभर बोललो आम्ही, आणि फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही, कारण चार वर्षांमागं मीपण नेमकी तिथंच होते, शब्द सगळे कानावरून गेलेले पण अर्थ एकाचाही धड माहीत नाही. म्हणून आज सुट्टी आहे तर लिहून काढते, ज्याला घर बांधायचं नाहीतर प्लॉट घ्यायचा आहे त्यानं निवांत वाचा.

आमचं घर हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यात, आबादीत. आजेसासऱ्यांनी बांधलेलं मातीचं, वर कवेलू. 2021 च्या पावसाळ्यात मागची भिंत पडली, रात्रीची पडली पण सगळे समोरच्या खोलीत झोपले होते म्हणून निभावलं. मग ठरलं की आता स्लॅबचंच बांधायचं. मी आरोग्य सेविका आहे, पगाराची स्लिप आहे, म्हणून लोन माझ्या नावानं काढायचं ठरलं. बँकेत गेलो, मी, आमचे हे आणि मामाजी (सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो). साहेबांनी विचारलं जागेच्या मालकीचा कागद काय आहे. मामाजींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आठ काढला आणि सोबत चाळीस वर्षांच्या टॅक्सच्या पावत्या, एकही चुकलेली नाही. साहेबांनी पाहून परत दिला, म्हणाले हा मालकीचा पुरावा होत नाही. मामाजी तिथल्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "चाळीस वर्ष टॅक्स मी भरला, मंग घर कोनाचं?" ते वाक्य मी अजून विसरली नाही.

तर पहिली गोष्ट हीच समजून घ्या. आठ नावाचे दोन कागद आहेत आणि गावात दोघांनाही नुसतं आठ म्हणतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, कोणत्या घराचा टॅक्स कोणाकडून घ्यायचा एवढंच त्यात असते. तुमचं नाव आहे म्हणजे टॅक्स तुम्ही भरता, मालक तुम्हीच असं त्यातून सिद्ध होत नाही. दुसरा पटवाऱ्याचा 8अ, तो शेतजमिनीचा खाते उतारा, एका खातेदाराच्या नावानं त्या गावात कोणकोणत्या गटात किती वावर आहे ते एका कागदावर. आणि सातबारा म्हणजे खरं तर दोन नमुने जोडलेले, नमुना 7 मध्ये मालक कोण, क्षेत्र किती, कोणाचा हक्क, आणि नमुना 12 मध्ये पीक काय पेरलं. आबादीतल्या घराला सातबारा नसतो. शहरात प्रॉपर्टी कार्ड असते, पण आपल्या खेड्यातल्या घरांना कित्येक पिढ्या दोन्ही नव्हतं, म्हणजे स्वतःच्या घरात राहणारा माणूस बँकेच्या दारात बिनघराचा. मला हे फार अन्यायाचं वाटते, आजही.

यावर उपाय म्हणून स्वामित्व योजना आली, 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली, ड्रोननं गावठाणाची मोजणी. आमच्या गावात मोजणीवाले आले तेव्हा आधी चुना मारून हद्दी आखल्या, आम्ही पोरांना घेऊन आमची हद्द आखली, शेजारच्या काकाजींसोबत एक फुटावरून थोडी बाचाबाची झाली पण ती तिथंच मिटली, मग ड्रोन उडाला. नंतर चौकशी होते, त्यात हद्दीला किंवा नावाला हरकत असेल तर तेव्हाच सांगायचं असते, घरी बसून राहिलं तर मग फिरत बसा. शेवटी सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, मिळते आणि मालमत्ता पत्रक, म्हणजे तेच प्रॉपर्टी कार्ड, तयार होते. तुमच्या गावात मोजणी झाली असेल आणि सनद घेतली नसेल तर उद्याच विचारा.

आता चौकशीत काय निघालं, तर घर अजून आजेसासऱ्यांच्याच नावानं. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, मृत्युपत्र नाही, वारस म्हणजे मामाजी आणि त्यांच्या दोन बहिणी, माझ्या आतेसासू. सगळे म्हणाले त्यात काय, दोघींना एक दिवस हिंगणघाटला आणा, हक्कसोड करून घ्या, जेवण द्या, साडी द्या, झालं.

या हक्कसोड शब्दावर मी जरा थांबते, कारण आपल्याकडं किती बायांनी या कागदावर सही केली आणि किती जणींना माहीत होतं की सही कशावर करतो, मी स्वतः बाळंतिणींच्या घरी जाते तेव्हा हे ऐकते. हक्कसोडपत्र म्हणजे आपला हिस्सा कायमचा सोडणं. रजिस्टर झालं की परत मागता येत नाही, भाऊ उद्या बोलला नाही तरी नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलगी मुलाएवढीच वारस आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मापासूनच मुलासारखी हिस्सेदार. सोडायचं असेल तर सोडा, पण काय सोडतो ते कळून. मी मामाजींना म्हटलं, आधी आत्यांना समजावून सांगू, मग सही. घरात थोडी कुरबूर झाली, सूनबाई जास्त शिकली असंही कानावर आलं. पण मामाजी स्वतः आले सोबत. मोठ्या आत्या म्हणाल्या मला काही नको, समजून सही करते. लहान आत्या पुलगावला राहतात, एकट्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग उद्या मले या घरात राहाले येता येईन का?" कोणी काही बोललं नाही. कायद्यानं उत्तर 'नाही' असंच आहे. मामाजींनी त्यांच्या हिश्श्याचा हिशोब करून पैसे त्यांच्या बँक खात्यात टाकले, दोन वर्षांच्या तुरीचे पैसे त्यात गेले, आणि मग सही झाली. त्या आत्या आता दिवाळीला येतात तेव्हा पाहुण्यासारख्या बसत नाहीत, त्याचं मला फार समाधान आहे.

हे सगळं चालू असताना, सनद यायच्या आधीच, एक फायनान्सवाला गावात फिरत होता. आठवर लोन देतो म्हणे, सात दिवसात, बँकेसारखी कटकट नाही, व्याज फक्त 9 टक्के. आमचे हे तयार झाले होते. मी विचारलं 9 टक्के फ्लॅट का रिड्युसिंग? तो म्हणाला फ्लॅट, सोपं असते मॅडम. सोपं खरंच असते पण कोणासाठी ते पाहा. फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदतभर सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज, तुम्ही अर्धं फेडलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच. 5 लाख, 5 वर्ष, 9 टक्के फ्लॅट, तर व्याज 2 लाख 25 हजार, हप्ता 12,083. तेच 9 टक्के रिड्युसिंगनं, म्हणजे जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावरच व्याज, तर हप्ता साधारण 10,379 आणि पूर्ण व्याज सव्वा लाखाच्याही आत. त्याचा 9 फ्लॅट म्हणजे बँकेच्या भाषेत जवळपास 15.7 टक्के पडतो. मी हे मोबाईलवर कॅल्क्युलेटरनं करून ह्यांना दाखवलं, पाच मिनिट शांत बसले आणि मग त्या माणसाला फोन करून नाही सांगितलं. दर सांगणारा कोणीही असो, हा एक प्रश्न विचाराच. आता 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं होम लोनसारख्या कर्जाला केएफएस नावाचा कागद द्यावा लागतो, की फॅक्ट स्टेटमेंट, त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज आणि बाकी खर्च सगळा धरून वर्षाला खरं किती पडते तो आकडा. आमच्या वेळी हे नव्हतं. तुम्हाला भेटते तर मागून घ्या, आणि समजेल अशा भाषेत मागा, तसा नियमच आहे.

सनद आली, हक्कसोड रजिस्टर झाला, मग परत बँकेत. इंजिनिअरनं इस्टिमेट काढलं 11 लाखाचं, बँकेनं 8 मंजूर केले. उरलेले 3 आपण टाकायचे, याला मार्जिन मनी म्हणतात. 30 लाखापर्यंतच्या होम लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देता येतात, त्या प्रमाणाला एलटीव्ही म्हणतात, पण तेवढे देतीलच असं नाही, ते पगार, सिबिल (आधीची कर्जं वेळेवर फेडली का त्याचा स्कोअर), वय सगळं पाहतात. जागा मामाजींच्या नावानं म्हणून त्यांना सहकर्जदार केलं. सहकर्जदार आणि जामीनदार यात फरक आहे पण एक गोष्ट दोघांना सारखी, कर्ज थकलं तर जबाबदारी कर्जदाराएवढीच. आपल्याकडं "नुसती सही पाहिजे" म्हणून जामीन राहतात आणि मग नोटीस आली की रडतात, तर नुसती सही असं काही नसते. घराचे मूळ कागद बँकेत जमा झाले, त्यालाही गहाणच म्हणतात, घर तोडून नेत नाहीत पण कर्ज फिटेपर्यंत कागद त्यांच्याकडं. कर्ज फिटलं की 30 दिवसात मूळ कागद परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5 हजार भरपाई, हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे, हे लोकांना माहीतच नसते.

सँक्शन झालं म्हणजे पैसे हातात आले असं आम्हाला वाटलं होतं. तसं नसते. मंजुरी वेगळी, डिस्बर्समेंट वेगळं. आधी आपलं मार्जिन लावा, प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, काम दाखवा, मग पहिला टप्पा, स्लॅबच्या वेळी दुसरा. तोपर्यंत जेवढे पैसे उचलले तेवढ्याचंच व्याज भरायचं, त्याला प्री-ईएमआई म्हणतात, आणि त्यात मुद्दल एक रुपया कमी होत नाही. म्हणून काम लांबवू नका. आमचा मिस्त्री कापूस वेचणीच्या टायमाला बाया भेटत नाहीत म्हणून दीड महिना बसला, आणि व्याज चालूच.

मुदत किती घ्यायची यावर घरात दोन दिवस चर्चा. 8 लाख, 9 टक्के, 20 वर्ष तर हप्ता 7,198. तेच 15 वर्ष तर 8,114. फरक महिन्याला 916 रुपये, पण एकूण फेडीत फरक जवळपास 2 लाख 67 हजारांचा. आम्ही 15 घेतले. आणि पहिल्या हप्त्यात 8,114 पैकी 6 हजार व्याज होतं, मुद्दल फक्त 2,114, हे पासबुक पाहून ह्यांना धक्काच बसला. सुरुवातीला असंच असते, मुद्दल मोठं म्हणून व्याज मोठं, हळूहळू पारडं फिरते. त्यामुळे जास्तीचे पैसे टाकायचे तर सुरुवातीच्या वर्षातच टाकलेले बरे. आपलं खेड्याचं उत्पन्न महिन्याला येत नाही, सिझनला येते, म्हणून आम्ही दरवर्षी कापसाचे चुकारे झाले की 20-25 हजार लोनमध्ये भरतो. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक होम लोनला वेळेआधी भरल्याचा दंड घेता येत नाही, हे ठाम सांगा. आणि अर्जात स्पष्ट लिहा की रक्कम मुद्दलात जमा करा आणि मुदत कमी करा. पहिल्या वर्षी आम्ही नुसते खात्यात टाकले आणि ते पुढच्या हप्त्यांपोटी पडून राहिले, मुद्दल जिथल्या तिथं.

फ्लोटिंग म्हणजे दर बदलता. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग होम लोनं बाहेरच्या दराला जोडलेली असतात, बहुतेक वेळा रेपो रेटला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याला. तो वाढला की आपला वाढतो, कमी झाला की कमी. वाढला की बँक बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते, आपल्याला पत्ताही नसतो. तुम्ही हप्ता वाढवून मागू शकता, तो पर्याय द्यायलाच पाहिजे. वर्षातून एकदा तरी बाकी हप्ते किती ते विचारून या.

आता माझ्या बहिणीच्या प्लॉटकडं येते. तिनं दिलेला गट नंबर टाकून मी त्याच रात्री महाभूलेखवर सातबारा पाहिला. क्षेत्र 1.21 हेक्टर, जिरायत, पीक सोयाबीन. एनएचा कुठं उल्लेख नाही. एनए म्हणजे अकृषिक, शेतजमीन घरासाठी वापरायची रीतसर परवानगी, आणि टीपी म्हणजे लेआउटचा नकाशा नगररचनावाल्यांनी मंजूर केलेला. नागपूरकडं जाहिरातीत आरएल पण लिहितात, तो रिलीज लेटर. बोर्डावर लिहिलं म्हणजे झालं असं नाही, आदेशाची तारीख आणि क्रमांक मागा. शिवाय 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटला महारेराचा (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक लागतो, प्लॉट असले तरी. तिचा प्लॉट 1500 फूट, 1 गुंठा 1089 फुटाचा, म्हणजे दीड गुंठाही नाही. जिरायत जमिनीचं प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी ठेवायचं, क्षेत्र 20 गुंठे आहे, शेती म्हणूनच राहिलेल्या वावराचा एवढा लहान तुकडा विकायला तुकडेबंदी कायदा आडवा येतो. मग लोक मुखत्यारपत्रावर नाहीतर स्टॅम्पवर व्यवहार करतात, पण 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. मालकी जाते ती रजिस्टर विक्रीपत्रानं. इसार म्हणजे फक्त सौद्याचा शब्द. आणि तो 50 हजार नगदी दिला, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्यावर रोख घेताच येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो.

सातबाऱ्यावर अजून दोन ठिकाणी नजर टाकायची. एक, भोगवटादार वर्ग. वर्ग 1 म्हणजे मालक मोकळेपणानं विकू शकतो, जुन्या आपल्या विदर्भातल्या कागदात त्याला भूमिस्वामी लिहिलेलं दिसते. वर्ग 2, जुना भूमिधारी, म्हणजे सरकारी अटी असलेली, परवानगीशिवाय विकता येत नाही. नझूल लिहिलं असेल तर जागा सरकारची, भाडेपट्ट्यावर. आणि झुडपी जंगल लिहिलं असेल तर पुढं जाऊच नका, वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यात अशी जमीन आहे, दिसायला पडीक, पण 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं ती वनजमीनच धरली आहे. दुसरं ठिकाण म्हणजे इतर हक्काचा रकाना, तिथं बोजा असतो. सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं कर्ज, सगळं तिथं येते, आणि जमीन विकली तरी बोजा जमिनीसोबत जातो.

बहिणीच्या गटावर वर्ग 1 आहे, ते बरं. पण इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे. मी तिला म्हटलं विकणाऱ्याला माझ्यासमोर स्पीकरवर फोन लाव. तो म्हणाला, "बोजा भरून टाकतो बाई, त्यात काय, अन् एनएची फाईल टाकून रायलो." म्हणजे एनए झालेलं नाही, हे त्याच्याच तोंडून निघालं. मी म्हटलं भाऊ, बोजा उतरल्याचा फेरफार (रेकॉर्डमधल्या बदलाची नोंद) आणि एनएचा आदेश दाखवा, तोपर्यंत पुढचा पैसा नाही, आणि घेतलेल्या 50 हजारांची पावती सहीनिशी द्या. चिडला नाही, विचार करतो म्हणाला. सोमवारी मी अर्धी सुट्टी टाकली आहे, दोघी मिळून दुय्यम निबंधकाकडं जाऊन त्या गटाचे मागचे इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहारांचे उतारे) काढणार, वकिलांकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागा कोणाकडून कोणाकडं गेली त्याचा तपास, घेणार. बहीण म्हणते ताई, तोवर दुसऱ्यानं प्लॉट नेला तर? मी म्हटलं नेऊ दे. मग येताना तिच्यासाठी त्याच रोडचे अजून दोन लेआउट पाहून घेऊ, महारेराचा नंबर असलेले.